पाच गुणांचा प्रश्न

सिद्धांतशास्त्राचा पेपर मार्चमध्ये,
परतवाड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी,
पत्र्याखाली, सकाळी अकराला.
तायडे सरांनी फळ्यावर तारीख लिहिली,
मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, पालथं.
रोजच्या प्रार्थनेत 'परीक्षा' शब्द येतो,
त्या दिवशी अशेर वानखडे तो जरा जोरातच म्हणाला.
सरही हसले.

प्रश्न चौथा, पाच गुण:
कृपा म्हणजे काय, सोदाहरण स्पष्ट करा.

मला पाठ होतं.
पात्रता नसताना मिळालेली देवाची मर्जी.
वहीत लाल शाईनं चौकट केलेली,
कंदिलाखाली, कारण रात्रीची लाईट
बागांच्या मोटारींसाठी असायची.
उदाहरण: राजा, गुन्हेगार, माफी.
मी कधी राजा पाहिला नव्हता.
पाचपैकी साडेचार पडले,
अर्धा अक्षराचा गेला.

मन्नू बेठेकर शेवटच्या बाकावर,
सेमाडोहच्याही आतल्या ढाण्यावरचा.
कोरकू घरची, मग हिंदी, मग मराठी, चौथी ग्रीक.
ग्रीकच्या तासाला मात्र तोच पुढे असायचा.
आम्ही रूपं घोकताना म्हणायचा,
"तुमाले मराठी फुकट भेटली,
मले दोनी सारख्याच शिका लागतेत."

त्यानं लिहिलं होतं:
रात्री मोह पडतो.
झाड कोणी लावलेलं नसतं, कोणी हलवत नाही.
आई आदल्या दिवशी पाला जाळून
खालची जागा झाडून ठेवते.
पहाटे आम्ही टोपल्या घेऊन जातो,
भुईभर असतो, ओला, पिवळट.
अस्वल आधी आलं तर त्याचं त्याला.
याला आमच्यात शब्द नाही.
आम्ही जातो.

पेपर सरांनी वर्गात वाचून दाखवला.
'मोह' ऐकताच मागे कोणीतरी खोकलं.
मोह म्हणजे सैतान उंचावर नेऊन दाखवतो तो.
मोह म्हणजे गाळून बाटलीत भरतात तोही,
ज्याच्यापायी मागच्याच वर्षी
मंडळीतून दोन घरं काढली.

सर खडू बोटांत फिरवत राहिले.
मग विचारलं, चिडून नाही,
खरंच अडल्यासारखं:
"बेठेकर, हे पहाटे उठणं कोणाचं?
झाडणं? टोपली विणणं?
ते कर्मात धरायचं की विश्वासात?"

बाहेर संत्र्याच्या बागेत इंजिन सुरू झालं,
फटफटलं, बंद पडलं.
या एका प्रश्नावरून लोक शतकानुशतकं भांडले,
सरांनीच शिकवलं होतं आम्हाला,
थंड मुलुखातले लोक, जाड कोट घालून.
मन्नू उभा राहिला.
शर्टाचं वरचं बटण लावलं.
"सर, नाई उठलो तरी पडतेच."

त्याच्या पेपरवर चौथ्या प्रश्नापुढे
गुण कधी लिहिले गेले नाहीत.
पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह होतं, बारीक,
रबरानं खोडून पुन्हा काढलेलं.

मन्नू नंतर धारणीकडे गेला,
डोंगर उतरून पत्र येतात त्याची, वर्षातून एखादं,
ताडपत्री मागणारी, नाहीतर पोरांसाठी पाट्या.

मी आता शिरजगावात बायांचा अभ्यासवर्ग घेते,
गुरुवारी, दुपारची धुणीभांडी झाल्यावर.
चौकटीतलं वाक्य अजून पाठ आहे.
परवा रूथबाईनं विचारलं,
चारला उठून दोन घरच्या भाकरी थापते ती,
बोटं मिटत नाहीत तिची नीट:
"बाई, किरपा कवा येते वो?
म्या जागीच असतो."

तोंड उघडलं, ओठांवर राजा आला,
मागे गुन्हेगार, हात बांधलेला.
त्यांना थांबवलं.
म्हटलं, तुमच्या शिवारात मोहाचं झाड आहे का?

"होतं नं. धुऱ्यावर होतं.
रस्त्यात गेलं."

मग कोणीच काही बोललं नाही.
तिनं पदरानं पुस्तकावरची धूळ पुसली,
नसलेलीही पुसली,
आणि पुढचं पान काढून
माझ्याकडे सरकवलं.